उंबऱ्याबाहेरची काकू

आमच्या घराचा उंबरा काकूनं शेवटपर्यंत पुन्हा ओलांडला नाही. अंगणात मात्र ती सहा महिने रोज सकाळी साडेसातला हजर असायची. घमेलं पालथं घालून त्यावर बसायची, पायांतल्या चपला काढायची नाही, आणि मी गोळ्या गिळेपर्यंत माझ्या गळ्याकडे टक लावून बघत राहायची. पहिल्या दिवशी आईनं चहा आणला. काकू म्हणाली, "या घरचा चहा मला पचत न्हाई. पाणी आणा, तेबी पोरीसाठी. आन् ते आत्याबाईंनी आणायचं." आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी आजी. घरात धडधाकट आई असताना सत्तरीच्या म्हातारीनं तांब्या घेऊन यायचं, हा काकूचा नियम होता. आजी गुडघे धरत यायची. काकू तांब्याला हात लावायची नाही. आजीनं तो माझ्या हातात द्यायचा आणि मी शेवटची गोळी गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते त्या वेळेला हमखास गोठ्यात असायचे. म्हशीची इतकी सेवा त्यांनी आधी कधी केली नव्हती आणि नंतरही केली नाही.

मोठ्या मनाची माणसं क्षमा करतात असं आम्हाला शाळेत शिकवलं. काकूचं मन लहान होतं असं मी कुणाला म्हणू देणार नाही, पण त्या मनात क्षमेला जागा ठेवलेली नव्हती. मी एकदा भीत भीत विचारलं होतं, "त्यांनी माफी मागितली, तर करशील का माफ?" तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मागू तर दे आधी. मग बघू. माफ न्हाई केलं तरी मागून घिऊ."

काकू माझ्या थोरल्या चुलत्याची बायको. माहेर घाटघरकडचं, जुन्नरच्या पार पश्चिमेला, जिथं पावसाळ्यात धुकं चार-चार दिवस हलत नाही. सासर आमचं, निरगुडसरच्या पुढे, उसाच्या पट्ट्यात. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत. तिची सातव्या महिन्यात ओटी भरली, हिरव्या बांगड्या भरल्या आणि भाऊ येऊन तिला घेऊन गेला. जायच्या आदल्या आठवड्यात तिनं तालुक्याच्या दवाखान्यात रक्त दिलं होतं. रिपोर्ट नंतर मिळणार होता. ती गेली आणि मागून दवाखान्यातला माणूस चिठ्ठी घेऊन आमच्या दारात आला. बाईंना ताबडतोब घेऊन या, उशीर करू नका, एवढंच तीत होतं. रोगाचं नाव त्यांनी लिहिलं नव्हतं, लिहीतही नाहीत. पण माझ्या चुलत्याला ते नाव ठाऊक होतं. त्याला स्वतःला एचआयव्ही असल्याचं पुण्यातल्या एका डॉक्टरनं वर्षभर आधीच सांगितलं होतं, आणि त्यानं ते फक्त आईच्या आणि भावाच्या कानावर घातलं होतं.

चिठ्ठी अण्णांनी त्या माणसाच्या रजिस्टरात सही करून घेतली. मग आजी, चुलता आणि अण्णा, तिघं ओसरीवर बसले. सुनेच्या माहेरी कळलं तर घराची अब्रू जाईल, धाकट्याला मुलगी कोण देणार, असा विचार झाला. धाकटा म्हणजे अण्णाच. त्यांचं लग्न ठरायचं होतं. चिठ्ठी चुलीत गेली. घाटघरकडच्या नर्सबाईंना कुणी काही कळवलं नाही. बाळंतपणात आईला आणि जन्मल्या जन्मल्या बाळाला द्यायचं औषध तेव्हाही सरकारी दवाखान्यात होतं. मुलगी जन्मली. तिला बाळगुटी मिळाली, काजळ मिळालं, दृष्टीचा मणी मिळाला. तेवढं औषध मिळालं नाही. अडीच वर्षांची असताना ती मेंदूच्या टीबीनं गेली. वर्षाच्या आत चुलता गेला. आणि आजीनं गावभर सांगितलं की हा रोग सुनेनं माहेराहून आणला. दिवस घालताच काकूच्या हातात पिशवी दिली.

हे सगळं घडलं त्यातलं बरंचसं माझ्या जन्माआधीचं. घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. मला चौदाव्या वर्षी कळलं, तेही काकूच्या तोंडून.

तिला स्वतःला कसं कळलं, ते ती मजेत सांगायची. मजेत म्हणजे अशी, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. माहेरी गेल्यावर ती आजारी पडली, भावानं दवाखान्यात नेलं, तिथून तिला औषधं सुरू करायला आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं, तिनं आधी रक्त दिलं होतं त्याच. तिथल्या समुपदेशक बाईंनी जुनं रजिस्टर काढलं आणि म्हणाल्या, तुम्हाला तर आम्ही तेव्हाच बोलावलं होतं, ही बघा घरच्यांची सही. काकू चौथी शिकलेली. पण दिराची सही तिनं ओळखली. खाली आडवी लांब रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. "मला वाटलं मी तिथंच आडवी व्हईन," ती म्हणायची. "तर काय, मला भूक लागली. लई भूक. भाईर आले, उभ्या उभ्या दोन वडापाव खाल्ले आन् ठरवलं, आता मरायचं न्हाई. माझ्या मरणाची वाट बघत्यात न्हवं ती? बघत बसा म्हणावं."

ती रोज गोळी घ्यायची ती याच इरेनं. सकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की गोळी. एकही दिवस चुकला नाही. पुढे ती एका संस्थेत कामाला लागली. गरोदर बायांना तपासणीला न्यायचं, ज्यांना औषधं चालू त्यांच्या घरी जायचं. जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुके तिच्या पायाखालचे. स्वतःच्या आजाराबद्दल ती सभेत उभी राहून बोलायची. "मला हाये. गोळ्या खाते आन् तुमच्यापेक्षा जास्त चालते. कुणाला शंका आसंल त्यानं कळंबच्या स्टँडपासनं माझ्यासंगं चालून दाखवावं." दुसऱ्या कुणाबद्दल मात्र तिच्या तोंडून ब्र निघाला नाही. कोणत्या घरात कुणाला काय आहे, हे तिच्या पोटातच राहिलं.

तिचा खरा राग माहेरच्या बाळंतपणावर होता. रीतीवर नाही, त्यात होणाऱ्या घोळावर. बाईचं नाव सासरच्या दवाखान्यात, बाळंतपण माहेरच्या, आणि दोन्हीकडे सगळ्यांना वाटतं की दुसऱ्यांनी बघितलं असेल. म्हणून तिनं आपली पद्धत काढली. औषधं चालू असलेली कुणी बाई ओटी भरून निघाली, की तिच्या आधी काकू एसटी धरायची. बाई पोचायच्या आत माहेरच्या नर्सबाईंना सगळं माहीत झालेलं असायचं. एक किस्सा तेवढा तिनं मला नाव-गाव न सांगता सांगितला. एक सून माहेरी गेली होती. सासर-माहेर दोन्हीकडे तिनं आजार लपवलेला, फक्त नवऱ्याला माहीत. बाळाला सहा आठवडे रोज औषध पाजायचं, आणि घर पाहुण्यांनी भरलेलं. काकू पाचवीच्या दिवशी नारळ-खण घेऊन थेट आत गेली. ओळख काय सांगितली, तर मुलीची मावससासू. सटवाईची पूजा मांडलेली, बायका भोवती बसलेल्या. काकूनं बाळ मांडीवर घेतलं, बाटलीतलं औषध मोजून तोंडात सोडलं. मुलीच्या आजीनं विचारलं, "हे काय पाजता?" काकू म्हणाली, "गुटीच हाये. सरकारी." म्हातारीनं मान डोलावली. पुढचे सहा आठवडे ती सरकारी गुटी त्या म्हातारीनंच न चुकता पाजली, आईला सुद्धा तिनं विसरू दिलं नाही.

अशा बाळाची शेवटची तपासणी दीड वर्षाचं झालं की होते. ती चांगली निघाली की काकू पेढे धाडायची. बाळाच्या घरी नाही, आमच्या घरी. मंचरहून येणाऱ्या जीपवाल्याच्या हाती पुडा पाठवायची आणि निरोप असायचा, "आत्याबाईंना सांगा, एक वाचलं." कुणाचं, कुठलं, काही नाही. लहानपणी मला वाटायचं, कुठलीतरी लांबची पाहुणी आहे आणि तिच्या घरी सारखी बाळं होतात. आजी पुडा न सोडता उकिरड्यावर टाकायची. मग आम्ही पोरं जाऊन तो शोधायचो. मोठी झाल्यावर मला त्या पेढ्यांचा अर्थ कळला तेव्हा मी काकूला म्हणाले, "अगं, म्हातारीला किती छळलंस तू." ती म्हणाली, "मारलं का मी तिला? गोडच दिलं की."

चौदाव्या वर्षी मला खोकला लागला. तीन महिने गेला नाही. संध्याकाळी अंगात ताप, छातीच्या फासळ्या मोजता येतील इतकी मी वाळले. घरात पहिला विचार काय झाला? पोरीच्या जातीला असलं नाव लागलं तर लग्न होणार नाही. मग खोकल्याच्या बाटल्या, मग अंगारा, मग ओळखीतल्या एका डॉक्टरकडची सलाईन. शाळेत बाईंनी मला रुमालात थुंकताना बघितलं, रुमालावर रक्त बघितलं, आणि घरी न विचारता दवाखान्यात नेलं. त्या बाई होत्या म्हणून. नाहीतर ज्या चुलीत चिठ्ठी गेली तीच चूल मलाही पुरली असती.

टीबीच्या पेशंटच्या घरी रोज कुणीतरी जाऊन समोर गोळ्या द्यायच्या असतात. आमच्या भागाचं ते काम काकूकडे होतं. यादीत आमचं आडनाव बघून तिला काय वाटलं, ते तिनं मला पुढे स्वतः सांगितलं. "खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. म्हनलं, आता कळंल. हसले मी, नर्सबाईंनी बघितलं हसताना. मग वय वाचलं. चौदा. माझी पोरगी आसती तर तुझ्यापरीस थोडी मोठी आसती." तिला दुसऱ्या कुणावर काम सोपवता आलं असतं. तिनं सोपवलं नाही. "दुसरीला दिलं आसतं तर तुमच्या घरानं तिला दोन दिसांत गोड बोलून घालवली आसती. मला घालवायचं धाडस हाये का कुणात?"

घरात एकाला टीबी निघाला की सगळ्यांची तपासणी करायची असते. काकूनं ती अशी केली की अख्खी आळी बघायला जमली. माझा भाऊ तीन वर्षांचा, त्याला टीबी होऊ नये म्हणून रोजची गोळी सुरू केली. आईचा, आजीचा एक्स-रे. अण्णांना जुना खोकला होता, तंबाखूचा. काकूनं त्यांच्या पुढे प्लास्टिकची डबी धरली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "भावजी, थुंका." अण्णा म्हणाले, दवाखान्यात जाऊन देतो. "हितंच. खोल श्वास घ्या, खाकरा आन् थुंका. घराच्या अब्रूचं काम हाये." अण्णांचा चेहरा मी तेव्हा बघितला. डबीत थुंकायला त्यांना पंधरा मिनिटं लागली. त्यांचं काही निघालं नाही. काकूला त्याचं थोडं वाईट वाटलं असावं.

माझी एचआयव्हीची तपासणीही झाली, टीबीच्या प्रत्येक पेशंटची करतात. त्या दिवशी काकू दवाखान्यात समुपदेशकांच्या दाराशी उभी राहिली. "चिठ्ठी-बिठ्ठी नको. पोरीला आत घ्या, दार लावा, आन् तिच्या तोंडावर सांगा. तिच्या आईला बसवा पाहिजे तर. घरातला दुसरा एकबी माणूस नको." माझा रिपोर्ट चांगला आला. बाहेर येऊन मी सांगितलं तेव्हा ती नुसती "बरं" म्हणाली आणि कितीतरी वेळ नळावर हात धूत राहिली.

दोन महिन्यांत मला भूक लागायला लागली, वजन वाढलं, खोकला थांबला. आणि मी शहाणी झाले. गोळ्यांनी मळमळायचं, लघवी लाल व्हायची, शाळेत पोरी नाक दाबायच्या. बरी झालेय तर कशाला खायच्या, असं म्हणून मी गोळ्या गालात धरायला शिकले. काकूची पाठ वळली की परसातल्या कांद्याच्या चाळीमागे थुंकायच्या. पाच दिवस जमलं. सहाव्या दिवशी काकू जाता जाता परत फिरली, सरळ चाळीमागे गेली आणि मातीतून विरघळलेल्या गोळ्या वेचून आणल्या. मला वाटलं मारणार. तिनं मला घमेल्यावर बसवलं, स्वतः जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी, सही, चूल, अडीच वर्षांची मुलगी, तिला शेवटी आलेले झटके. आजी दारात उभी होती, तिच्यासमोर सांगितलं. एका शब्दालाही आजी नाही म्हणाली नाही.

"आता बघ," काकू म्हणाली. "अर्धवट सोडलंस तर हा रोग परत येतो, आन् मग या गोळ्यांना जुमानत न्हाई. तुला मरायचं आसंल तर माझी ना न्हाई. पण या घरात मरू नको. या घरानं एक पोरगी खाल्ली, तिचा जाब आजून मला मिळायचाय. दुसरी खाऊन हे लोक परत रडायला बसले, तर मला सोसायचं न्हाई. तू जग. चांगली धडधाकट जग आन् रोज यांच्यासमोर हिंड. तुला बघितलं की यांना ती आठवली पायजे." मी रडले. मला थोपटायला तिचा हात काही पुढे आला नाही. नर्सबाईंना फोन करून पाच दिवस चुकल्याचं तिनं तिथल्या तिथं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी गिळल्यावर मला तिच्यासमोर मोठ्यानं पाढे म्हणायला लावले. गालात गोळी धरून तेराचा पाढा म्हणता येत नाही, करून बघा.

त्या दिवसापासून माझं अण्णांशी जमलं नाही ते नाहीच. मी तोंडावर विचारलं तेव्हा ते म्हणाले, "त्या वेळची परिस्थिती येगळी व्हती." मी विचारलं, परिस्थितीनं सही केली का? थोबाडीत बसली. ती मी जपून ठेवली आहे.

माझा शेवटचा डोस झाला त्या दिवशी थुंकीची तपासणी स्वच्छ आलेली होती. आजीनं तांब्या आणून दिला, मी गोळ्या घेतल्या, आणि आजी आत जायची ती गेली नाही. खांबाला धरून उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "चुकलं गं आमचं." मला वाटलं आता काकू विरघळेल. काकू घमेल्यावरून उठली, दोन पावलं मागे सरली, रस्त्याकडे बघितलं. रस्त्यानं तीन-चार बायका रानात निघाल्या होत्या. "मोठ्यानं म्हणा, आत्याबाई. त्यांना ऐकू जाऊ द्या. काय चुकलं तेबी सांगा. चिठ्ठी आली व्हती आन् आमी जाळली, म्हणा." आजीनं बायकांकडे बघितलं आणि तोंड फिरवून आत गेली. काकूनं घमेलं उलटं करून जागेवर ठेवलं. "न्हाई म्हणवलं," ती मला म्हणाली. "जाऊ दे. आज न्हाई तर उद्या."

मी तिला म्हणाले, मग तूच सांग की सगळ्यांना, तू तर सभेत बोलतेस. "मी बोलले तर ते सासरकडचं भांडण झालं," ती म्हणाली. "घरच्या माणसानं बोललं तर ते खरं. लोकांसमोर, एकदा. मला दुसरं काय नको त्यांच्याकडनं." आजी दोन वर्षांनी गेली, बोलल्याशिवाय गेली. काकू मातीला आली नाही. लोकांनी नावं ठेवली. मलाही त्या दिवशी रडू आलं नाही, हे मी इथं लिहून ठेवते.

मी पुढे फार्मसीची पदविका केली, मंचरला औषधाच्या दुकानात काम करते. काकू अधूनमधून दुकानात यायची, काउंटरला टेकून माझं वजन विचारायची. गेल्या वर्षी ती स्वतःच वाळायला लागली. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. बायांना तपासणीला नेणाऱ्या या बाईनं आपली तपासणी दर वेळी पुढच्या महिन्यावर ढकलली होती. मी चिडले, खूप बोलले. तिनं ऐकून घेतलं, आयुष्यात पहिल्यांदाच. पुण्याच्या दवाखान्यात मी शेवटची भेटले तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ होती आणि ती शेजारच्या खाटेवरच्या मुलीला गोळी घेतलीस का म्हणून दरडावत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझा बाप निवडणुकीला उभा राहतोय म्हणं सोसायटीच्या?" मी हो म्हणाले. "लोकं मत देतील," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. चार दिवसांनी ती गेली.

आणि मग आमच्या घराला अचानक सून आठवली. काकूच्या भावाचं वय झालेलं. अण्णा जीप घेऊन घाटघरला गेले, आमच्या घरची लक्ष्मी, दशक्रिया आमच्याच गावी झाली पाहिजे म्हणाले. तो बिचारा हो म्हणाला. काकूला दोन तालुक्यांतली माणसं ओळखत होती, आणि एवढी माणसं अण्णांच्या दारात यायचा योग दुसरा कुठला? नदीच्या घाटावर मांडव पडला. फ्लेक्स लागला. त्यावर काकूच्या फोटोखाली शोकाकुल म्हणून अण्णांचं नाव तिच्या नावापेक्षा मोठं. आमच्याकडे दशक्रियेला माइक असतो, प्रवचन असतं आणि पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं असतात, मेलेल्या माणसापेक्षा जिवंतांचीच नावं जास्त घेतली जातात. डोकं भादरलेले अण्णा पुढे हात जोडून बसलेले. बायका एका बाजूला. त्यात कितीतरी जणी लेकरं घेऊन आलेल्या होत्या, आणि कोण का आली आहे हे त्या एकमेकींना सांगत नव्हत्या.

पिंड ठेवल्याबरोबर कावळा शिवला. एक मिनिटही गेलं नसेल. एक पुढारी माइकवर म्हणाले, बघा, किती समाधानानं गेली माऊली, आणि अशी सून घडवणारं हे घर किती थोर. मग अण्णा उठले. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "वहिनींची एकबी इच्छा आमी मागं ठेवली न्हाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बायकांतून उठले ते मांडवापर्यंत कशी गेले मला आठवत नाही. अण्णांना वाटलं, पोरगी चार शब्द बोलणार. त्यांनी स्वतः माइक माझ्या हातात दिला.

मी म्हणाले, "काकूनं स्वतःचा आजार कधी लपवला नाही, म्हणून मीही लपवत नाही. ती पोटुशी असताना दवाखान्यातून चिठ्ठी आली होती. बाळ वाचेल असं औषध होतं. चिठ्ठी या घरानं घेतली आणि चुलीत घातली. बाळ मेलं. रोग काकूनं आणला असं या घरानं गावाला सांगितलं, ते खोटं होतं. रोग या घरातला होता. चिठ्ठी मिळाल्याची माझ्या वडिलांची सही दवाखान्याच्या रजिस्टरात आहे. हे मी या घरची मुलगी म्हणून सांगते."

पुढारी चपला शोधायला लागले. अण्णांनी माइककडे हात केला, पण मध्ये तात्या उभे राहिले. तात्या म्हणजे अण्णांचे सख्खे चुलते, भावकीत सगळ्यांत वडील. त्यांनी काठी टेकवली आणि विचारलं, "पोरगी म्हणती ते खरं हाये का?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. आईकडे बघितलं, ती जमिनीकडे बघत होती. बायकांच्या बाजूला एकही जण हलली नव्हती, सगळ्या नुसत्या बघत होत्या, मांडीवरची लेकरं धरून. तात्यांनी पुन्हा विचारलं.

"व्हय," अण्णा म्हणाले.

"मोठ्यानं," मी म्हणाले, आणि माइक त्यांच्या तोंडासमोर धरला. ते दुसऱ्यांदा "व्हय" म्हणाले. कर्ण्यातून तो आवाज नदीपलीकडच्या वस्तीपर्यंत गेला असेल.

अण्णा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. नातेवाईक म्हणतात, बापाला असं लोकांत उघडं पाडून तुला काय मिळालं, मेलेली बाई परत आली का? नाही आली. ते दोन शब्द ऐकायला ती हवी होती आणि ती नव्हती, याचा राग माझ्या मनातून जाणार नाही. पण मी होते. मी ऐकले. आणि खरं सांगते, माझा जीव थंड झाला.